पट्टीने आखलेले देश : दंतकथा किती आणि खरी भानगड काय?

होकायंत्र

परवा परत तोच फॉरवर्ड आला. आफ्रिकेचा नकाशा, त्यावर सरळसोट सीमा लाल रंगात, आणि खाली मजकूर की १८८४ साली बर्लिनमध्ये गोरे जमले आणि भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा तसा अख्खा खंड वाटून मोकळे झाले. मी आधी गप्प बसायचो, आता बसवत नाही, कारण यात अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त होतो.

जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने बैठक बोलावली हे खरं. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ अशी चालली, १४ देश होते, आफ्रिकेचा एकही माणूस टेबलाशी नव्हता, तेही खरं. पण सीमा तिथे आखल्या नाहीत. तिथे ठरलं ते काँगो आणि नायजर नद्यांतून जहाजं कोणी कशी न्यायची, आणि किनाऱ्यावर कुठे नव्याने हक्क सांगायचा असेल तर बाकीच्यांना कळवायचं नि तिथे आपली सत्ता खरोखर दिसली पाहिजे, एवढंच. रेघा पडल्या त्या आधी आणि नंतर, दोघादोघांच्या करारांत, एकेक करत, वीस-पंचवीस वर्षं.

अशा अजून दोन-तीन गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. व्हिक्टोरिया राणीने नातवाला, म्हणजे कैसर विल्हेल्मला, किलिमांजारो वाढदिवसाला भेट दिला म्हणून केनिया-टांझानियाची सरळ सीमा तिथे वाकते. अहो, ती सीमा ठरवणारा इंग्रज-जर्मन करार १८८६ चा, आणि हा नातू कैसर झाला १८८८ ला. डोंगर जर्मनांनी वाटाघाटीत मागून घेतला आणि बदल्यात मोम्बासा इंग्रजांकडे राहिलं, संपली गोष्ट. दुसरी, जॉर्डन-सौदी सीमेचा तो वेडावाकडा कोपरा म्हणे चर्चिलला जेवणानंतर उचकी लागली म्हणून. ती सीमा ठरली १९२५ च्या हद्दा करारात, इब्न सौदशी (पुढचा सौदी राजा) बोलणी केली इंग्रज अधिकारी गिल्बर्ट क्लेटनने, आणि तेव्हा चर्चिल लंडनमध्ये अर्थखातं सांभाळत होता. इंग्रजांना ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन) आणि इराक एकमेकांना चिकटलेले हवे होते, इब्न सौदला वादी सिरहान ही दरी हवी होती, तसं दिलं-घेतलं.

माझं म्हणणं असं की या उचकी-वाढदिवसाच्या गोष्टींनी हे सगळं कोणाच्या तरी लहरीवर झालं असं वाटायला लागतं. लहर असती तर एक वेळ माफ केली असती. हे हिशेबी होतं, कारकुनी होतं, आणि हिशेब भलत्याच गोष्टींचा होता. नामिबियाला (तेव्हा जर्मनांची वसाहत) ईशान्येला जे लांब शेपूट आहे ना, कॅप्रिव्ही पट्टी, साधारण ४५० किमी लांब, ती १८९० च्या इंग्रज-जर्मन करारातली. जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला, बदल्यात उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट घेतलं आणि वर ही पट्टी, का तर झांबेझी नदीपर्यंत पोचता यावं आणि तिथून पूर्व किनाऱ्याला बोटीने जावं. पुढे पट्टीच्या टोकापासून थोडं खाली व्हिक्टोरिया धबधबा आहे. शंभर मीटरवरून पाणी पडतंय, तिथून बोट कुठून जाणार! लॉर्ड सॉल्सबरी, म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश पंतप्रधान, स्वतःच थट्टेने म्हणाला होता की आम्ही एकमेकांना डोंगर, नद्या, तळी वाटत सुटलोय, अडचण एवढीच की ते नेमके कुठे आहेत ते आम्हाला माहीत नाही.

तर धागा यासाठी. तुम्हाला माहीत असलेली एखादी रेघ सांगा, पण दंतकथा वेगळी आणि खरं वेगळं असं करून.

कात्री

मस्त धागा! उचकी मी गेली दहा वर्षं लोकांना सांगत फिरतेय, आता कोणाकोणाला फोन करून माफी मागू :(

शेवटचा_बाक

गांबियाचं कसं काय सुटलं तुमच्याकडून? त्याची तोफेची दंतकथा आहे की, नदीत बोट उभी करून दोन्हीकडे तोफ डागली आणि गोळा पडला तिथे सीमा. खरं असं की १८८९ च्या इंग्रज-फ्रेंच करारात नदीच्या दोन्ही तीरांपासून १० किमी असं लिहिलं आणि नदीची वळणं नकाशावर गिरवत नेली. त्याच्या आधी कितीदा तरी इंग्रज हा मुलूख फ्रेंचांना देऊन दुसरीकडचं काहीतरी घ्यायच्या बोलण्यांत होते, म्हणजे ही रेघ तेवढ्यापुरतीच होती, कोणी जन्माची म्हणून मारलीच नव्हती.

मी कामानिमित्त दोन वर्षं डाकारला होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सेनेगलचा नकाशा काढून बघा, पश्चिमेकडून त्याच्या पोटात एक बोट घुसलंय, ते गांबिया. बोटाच्या वर डाकार, बोटाच्या खाली सेनेगलचाच कासामान्स प्रांत. म्हणजे स्वतःच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला मधे परदेश. दोन्हीकडे वोलोफ बोलतात, मांडिंका बोलतात, लग्नं होतात, पण एकीकडे सरकारी कागद फ्रेंचमध्ये आणि दुसरीकडे इंग्रजीत, चलन वेगळं. मी गेलो तेव्हा नदीवर पूल नव्हता. फराफेन्नीच्या पुढे फेरीसाठी ट्रकांची रांग, ड्रायव्हर लोक ट्रकखाली चटया टाकून झोपलेले, एकाला विचारलं कधीपासून आहेस तर त्याने बोटांनी तीन दाखवले. मला वाटलं तीन तास. तीन दिवस! पूल झाला तो जानेवारी २०१९ मध्ये.

आणि हा नुसता गैरसोयीचा मामला नाहीये. रस्ता असा अडलेला, त्यात कासामान्समध्ये १९८२ पासून फुटीरांचं बंड, म्हणून लोक डाकारला समुद्रमार्गे जायचे, ल जूला नावाच्या फेरीबोटीने. ती २६ सप्टेंबर २००२ च्या रात्री गांबियाच्या किनाऱ्यासमोर उलटली. क्षमता ६०० च्या आत आणि बोटीवर माणसं त्याच्या तिप्पट. १८०० च्या वर लोक गेले, टायटॅनिकपेक्षा जास्त, वाचले फक्त ६४. बोट ओव्हरलोड केली त्यांची चूक ती चूकच, ती १८८९ वर ढकलणार नाही. पण एवढी माणसं त्या बोटीत का बसली होती याचं उत्तर शोधत गेलं की त्या १० किमीपाशी येऊन थांबतं.

मावळतीचं_ऊन

शेवटचा_बाक, वाचून गलबललं हो. ही बोट बुडाल्याचं इतक्या वर्षांत कुठे वाचलंही नव्हतं.

दीडशहाणा

चला, मीच वाईटपणा घेतो. सगळं गोऱ्यांच्या माथी मारून किती दिवस ढकलणार? जगातली कुठली सीमा आभाळातून पडलेली आहे? युरोपातल्या सीमा तर लढाया आणि राजघराण्यांची लग्नं यातून झाल्या, त्याही तेवढ्याच कृत्रिम. आणि आफ्रिकेतल्या नेत्यांना स्वातंत्र्य मिळाल्यावर संधी होती की, बदलायच्या होत्या. काय केलं त्यांनी? जुलै १९६४ ला कैरोत आफ्रिकी एकता संघटनेने ठरावच केला की स्वातंत्र्याच्या दिवशी ज्या सीमा होत्या त्याच आम्हाला मान्य. सोमालिया आणि मोरोक्को सोडून कोणी फार खळखळ केली नाही. खुर्ची ज्या नकाशावर मिळाली तो नकाशा कोण फाडेल!

निळी_शाई

दीडशहाणा, ठराव खरा आहे पण "खुर्चीसाठी" हे जरा सोपं झालं. एक रेघ हलवली असती तर दुसरा म्हणाला असता माझीही हलवा, आणि मग पन्नास ठिकाणी रक्तपात. त्यांनी दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं. आणि तरीही वाद मिटले नाहीतच, कारण "स्वातंत्र्याच्या दिवशीची सीमा" कुठली हेच कोणाला धड सांगता येईना.

मी वकिली पेशातली आहे म्हणून मला माली-बुर्किना फासोचा खटला फार आवडतो. बुर्किना म्हणजे आधीचं अप्पर व्होल्टा. ही वसाहत फ्रेंचांनी १९१९ ला केली, १९३२ ला मोडली आणि शेजारच्या तीन वसाहतींत वाटून टाकली, १९४७ ला परत जोडली. पंधरा वर्षं तो देशच नव्हता! सगळं एकाच फ्रेंच साम्राज्याच्या आत, त्यामुळे गव्हर्नरच्या सहीने काम भागायचं. पुढे त्या सहीचं झालं आंतरराष्ट्रीय सीमेत रूपांतर. डिसेंबर १९८५ ला ऐन नाताळात दोन देश आगाशेर पट्टीसाठी लढले, पाच-सहा दिवस, आणि १९८६ ला हेगच्या न्यायालयात न्यायमूर्ती काय वाचत बसले होते, तर फ्रेंच अधिकाऱ्यांची पत्रं, आदेश आणि जुने नकाशे. शेवटी वादातला पट्टा दोघांत जवळपास सारखा वाटून दिला.

होकायंत्र

निळी_शाई, क्या बात है, मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. दीडशहाणा, सीमा सगळ्याच कृत्रिम हे मान्य. पण फ्रान्स-स्पेनची सीमा ठरवताना भांडणारे त्या सीमेच्या अल्याडपल्याडच राहणार होते, चूक झाली तर त्यांनाच भोगायची होती. इथे मारणारा रेघ मारून बोटीत बसला. आणि दुसरं म्हणजे तालुक्याची हद्द आणि देशाची हद्द यात फरक असतो की नाही? तालुक्याची हद्द शेतातून गेली तर फार तर सातबाऱ्याला दोन खेपा घालाव्या लागतात, देशाची गेली तर मधे बंदूकवाला उभा राहतो. साम्राज्य असताना बहुतेक रेघा पहिल्या प्रकारच्या होत्या आणि एका रात्रीत दुसऱ्या प्रकारच्या झाल्या.

कात्री

एका रात्रीत वरून आठवलं, आपल्याकडे तर रात्रही नीट साधली नाही. फाळणीची रेघ आखायला रॅडक्लिफ हा इंग्रज वकील ८ जुलै १९४७ ला आला, आधी कधी हिंदुस्थानात पाऊल नव्हतं, हातात पाच आठवडे, पंजाब आणि बंगाल दोन्ही त्याच्याच गळ्यात, त्यामुळे सुनावण्यांनाही स्वतः बसला नाही, रोजचे कागद मागवून वाचायचा. अहवाल १५ ऑगस्टच्या आधी तयार होता आणि जाहीर केला १७ ला! म्हणजे दोन दिवस देश स्वतंत्र आणि सीमा गुलदस्त्यात. मुर्शिदाबादला पाकिस्तानचा झेंडा लागला, खुलन्याला भारताचा, लोकांनी मिरवणुका काढल्या, आणि १७ ला कळलं उलटं आहे, मग झेंडे उतरवून अदलाबदल. माझ्या डोळ्यासमोर तो माणूस येतो ज्याने झेंड्याची दोरी ओढली आणि तीन दिवसांनी त्याच काठीवर दुसरा चढवताना पाहिला. रॅडक्लिफने मानधन नाकारलं, कागद जाळले आणि परत कधी इकडे फिरकला नाही.

मावळतीचं_ऊन

मग छिटमहाल यायलाच हवेत. (बंगालीत छिट म्हणजे तुकडा.) कूचबिहारचे (आता पश्चिम बंगालात) तुकडे रंगपूरमध्ये (आता बांगलादेशात) आणि रंगपूरचे कूचबिहारमध्ये, एकूण १६२. भारताचे १११ बांगलादेशाच्या पोटात, त्यांचे ५१ आपल्या पोटात. त्यातही एक असं होतं, दहाला खाग्राबाडी, साधारण पावणेदोन एकराचं शेत, भारताचं, ते बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, आणि तो बांगलादेशात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर एकात एक चार गोल काढून बघितले तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

इंग्रजांच्या काळात याचं कोणाला काही नव्हतं, चालत या चालत जा. गंमत म्हणजे रॅडक्लिफने याला हातही लावला नाही कारण कूचबिहार संस्थान होतं. ते १९४९ ला भारतात आलं आणि तुकडे परदेशी झाले. १९५२ ला पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला. आता विचार करा, तुम्ही भारताचे नागरिक, चहूबाजूंनी दुसरा देश. व्हिसा काढायचा तर भारतातल्या ऑफिसात जायला हवं, आणि भारतात जायला त्या दुसऱ्या देशातून विनाव्हिसा चालत जायला हवं. म्हणजे कायदा पाळायची पहिली पायरीच कायदा मोडायची. वीज नाही, शाळा नाही, पोलीस नाही. बायका बाळंतपणाला शेजारच्या देशातल्या दवाखान्यात जायच्या तर नवऱ्याचं नाव खोटं द्यायच्या, कोणातरी ओळखीच्या माणसाला कागदावर नवरा करायचं, मग पोराच्या जन्मदाखल्यावर बाप भलताच. शाळेतही तोच बाप लागणार.

१९७४ ला इंदिरा गांधी आणि मुजीब यांचा करार झाला, अंमल आला ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. एक्केचाळीस वर्षं. पन्नास हजारांवर माणसं त्या रात्रीपर्यंत धड कुठलीच नव्हती.

कुंपणावरचा_सरडा

माझं नाव बघून मला या धाग्यावर बोलायचा सर्वात जास्त अधिकार आहे असं नम्रपणे नमूद करतो. बाकी ताई, ते कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे म्हणून तुकडे पडले असं ऐकलंय, ते?

मावळतीचं_ऊन

दंतकथा :) ते मुघल आणि कूचबिहार यांच्या १७१३ च्या तहातून आलं. तह झाला तेव्हा ज्याच्या ताब्यात जी गावं होती ती त्याची राहिली, सलग आहेत का नाहीत ते कोणी बघितलं नाही.

दीडशहाणा

बघा! म्हणजे मूळ आपल्याच लोकांचं निघालं. अजून एक घ्या. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडे कसं गेलं? त्यांनी जिंकलं नव्हतं. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या सांताना जहाजाचं नुकसान केलं, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने पेशव्यांनी महसूल तोडून दिला, १७८३ ला नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. फक्त महसूल हां, सार्वभौमत्व वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे १९५४ ला स्वयंसेवकांनी ते सोडवलं तर पोर्तुगाल हेगला गेला, दमणहून तिकडे सैन्य न्यायचा हक्क मागायला. १९६० ला निकाल लागला, सैन्याचा हक्क नाही म्हणून. पण म्हणजे आपल्या एका कारकुनी तडजोडीतून पावणेदोनशे वर्षांनी आंतरराष्ट्रीय खटला!

निळी_शाई

दीडशहाणा, तुम्ही विरोध करता करता होकायंत्रांचाच मुद्दा सिद्ध करून दिलात की हो. पेशव्यांनी दिला महसूल, पुढच्यांनी वाचला देश. हक्क थरांचे असायचे, वसूल एकाचा, चराई दुसऱ्याची, देवस्थान तिसऱ्याचं. साम्राज्यांनी ते सगळं दाबून एका रेघेत बसवलं, अलीकडचं सगळं याचं, पलीकडचं सगळं त्याचं.

त्या "वाचण्या"वरून थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेआ विहेअरच्या देवळाचं सांगते. थायलंड कधी वसाहत नव्हता, तरी त्याची सीमा फ्रेंचांनी काढली. १९०४ च्या करारात लिहिलं की सीमा पाणलोटाने जाईल. पण १९०७ ला फ्रेंच अधिकाऱ्यांनी जो नकाशा काढला त्यात देऊळ कंबोडियात, म्हणजे तेव्हा फ्रेंचांकडे, दाखवलं. सयामने (थायलंडचं तेव्हाचं नाव) त्यावर आक्षेप घेतला नाही, उलट राजपुत्र दामरोंगने नकाशाच्या आणखी प्रती मागवल्या. १९३० ला तो स्वतः देवळात गेला तर स्वागताला फ्रेंच अधिकारी, फ्रेंच झेंडा लावून उभा. राजपुत्र काही बोलला नाही. १९६२ ला न्यायालयाने ९ विरुद्ध ३ ने देऊळ कंबोडियाला दिलं, आणि "तेव्हा तुम्ही गप्प का बसलात" हा त्यातला मोठा मुद्दा होता. सभ्यपणे पाहुणचार घेतला तो असा अंगाशी आला. या सीमेवर २०२५ च्या जुलैतही तोफा चालल्या.

शेवटचा_बाक

सीमांचं झालं, पण माणसांच्या आतल्या रेघांचं काय? रवांडाचं उदाहरण उलटं आहे. तो देश बर्लिनने बनवला नाही, जुनं राज्य होतं, सीमाही बऱ्याच अंशी त्या राज्याच्याच. तिथे बेल्जियनांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रं काढली आणि त्यावर हुतू, तुत्सी की त्वा ते छापलं. आधी या गटांत थोडी तरी ये-जा होती, गुरं वाढली, लग्न झालं की माणूस इकडचा तिकडे मानला जायचा. कार्डावर आलं की संपलं, बापाचं ते पोराचं. १९९४ च्या वंशसंहारात रस्त्यावरच्या अडसरांवर तीच ओळ बघून माणसं मारली. तिथे नकाशावर काही करायची गरजच पडली नाही.

दीडशहाणा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे मारणारे तिथलेच होते असं म्हणता येईल, पण म्हणवत नाही.

कुंपणावरचा_सरडा

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून माझी आवडती जागा सांगतो, बीर ताविल. इजिप्त-सुदानची सीमा १८९९ ला इंग्रजांनी २२ अंश अक्षांशावर मारली, एकदम पट्टीने. मग १९०२ ला त्यांच्याच लक्षात आलं की लोकांची गुरं अक्षांश बघून चरत नाहीत, म्हणून कारभारासाठी दुसरी रेघ काढली. २२ अंशाच्या दक्षिणेचा बीर ताविल इजिप्तकडे दिला कारण तिथे इजिप्तकडच्या अबाब्दा टोळीची चराई, आणि उत्तरेचा समुद्राकाठचा हलायब सुदानकडे.

आता हलायब मोठा, २० हजार चौ. किमी, समुद्र आहे, तो दोघांनाही हवा. इजिप्त म्हणतो १८९९ चीच खरी, सुदान म्हणतो १९०२ ची खरी. पण ज्या रेघेने हलायब आपला होतो त्याच रेघेने बीर ताविल दुसऱ्याचा होतो. मग बीर ताविल आपला म्हटलं की हलायब गेला. म्हणून दोघंही हात जोडून म्हणतात, तुमचाच आहे हो तो, घ्या. २ हजार चौ. किमी जमीन, कोणालाच नको.

कात्री

हसून हसून पुरेवाट. म्हणजे तिथे जाऊन मी झेंडा लावला तर?

कुंपणावरचा_सरडा

लावून आलेत की परदेशातले हौशी लोक, स्वतःला राजा जाहीर करून फोटो काढून परत घरी.

होकायंत्र

आणि अबाब्दा अजून तिथे उंट चारतात. त्यांना कोणी विचारलं नाही, ना १८९९ ला, ना १९०२ ला, ना या राजेलोकांनी.

बरं, मलावी-टांझानियाच्या तळ्याचं कोणी लिहितंय का, नाहीतर मी रात्री लिहितो. तोही त्या १८९० च्याच करारातला घोळ आहे, सीमा तळ्याच्या मधून न नेता पूर्व काठाने नेली आणि मलावी अजून म्हणतो अख्खं पाणी आमचं.